अमान्य हात

तुम्ही माझ्या बहिणीला यंत्र म्हणालात. तोंडावर नाही, तेवढी हिंमत तुमच्यात नाही. मेलमध्ये म्हणालात, आणि त्या मेलखाली नाव घालायला तुमच्याकडे एक माणूस नव्हता.

ताई कपडे शिवायची. तिच्याच दुकानात मागच्या बाजूला बसून मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. तिचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा तिनं आधी सुईत दोरा ओवणं माझ्यावर सोडलं, मग काजं-बटणं, मग कात्री. शेवटी माप घेताना टेप हलायला लागली, गिऱ्हाइकं नजर चुकवायला लागली आणि ती काउंटरमागून उठली. काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पण हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही ती. बटणाच्या जागी चुंबक कसं लावायचं, चेनला कडी कुठं अडकवायची, कपाच्या तळाला काय चिकटवलं की चहा सांडत नाही, हे सगळं ती शोधत गेली. मी ते वेबसाइटवर टाकत गेलो. मोठी अक्षरं, एका पानावर एकच पायरी, खाली ‘पुढे’ असं ठळक बटण. साइट बांधायला मी मशीनसारखाच शिकलो, खोलून आणि बिघडवून.

हळूहळू थरथरत्या हातांची माणसं साइटवर जमली. प्रश्न विचारू लागली. ताई सकाळी उठते ती कुणीतरी काहीतरी विचारलं असेल म्हणून. साइटचा खर्च तुमची कंपनी तिथं लावते त्या जाहिरातींवर निघायचा. तुमच्याकडचं खातं गेलं की साइट गेली, आणि साइट गेली की ताई पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि तुमचा इशारा आला. तुमच्या साइटवर अमान्य क्लिक होत आहेत, म्हणजे कमाईसाठी जाहिराती मुद्दाम दाबल्या जातायत, थांबवा, नाहीतर खातं बंद. कुठले क्लिक, कुणाचे? ते सांगत नाही म्हणे, लबाड लोक सावध होतात. म्हणजे आरोप तुमचा आणि चोर शोधायचा मी.

शोध घरापासूनच सुरू केला. भावोजी बस चालवतात. सुट्टीच्या दिवशी लसूण सोलत बसले होते.

“भावोजी, खरं सांगा. जाहिराती तुम्ही दाबता का?”

“मी कशाला दाबू? मला काय जहाज विकत घ्यायचंय?”

“मदत म्हणून. तेवढीच साइटला कमाई.”

“सरळ चोर म्हण ना.”

“चोर नाही म्हणत, मदतनीस म्हणतोय. चोर परवडला असता.”

ताई आतून म्हणाली, “त्यांना फोनवर आलेला फोटो मोठा करता येत नाही. ते कसले लबाड्या करतायत.”

भावोजी हसले नाहीत. लसूण तसाच टाकून उठले आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले.

मग मी नातेवाइकांना तंबी दिली, आमच्या जाहिरातींना बोट लावाल तर याद राखा. संशयास्पद ठिकाणांहून येणारी वर्दळ अडवली. निम्म्या जाहिराती काढून टाकल्या. तरी दुसरा इशारा आला, शेवटचा. भावोजींवर माझी नजर होतीच, आता ज्यांच्यासाठी साइट होती त्या माणसांवरही संशय यायला लागला. त्यातलाच कुणी आपली मान कापतोय, असं वाटायचं.

ताई फोन कायम टेबलाखाली, मांडीवर धरते. हात दिसू नये म्हणून. त्या दिवशी तिला एक पान तपासायला दिलं आणि म्हटलं, “वर ठेव. मला बघायचंय.”

तिनं फोन टेबलावर ठेवला. बोट ‘पुढे’कडे नेलं. बोट एकदा आपटलं, दोनदा, पुन्हा त्याच जागी. पान सरकलं, बोटाखाली जाहिरात आली आणि बुटांचं दुकान उघडलं. तिनं ते शांतपणे बंद केलं, मागे आली, पुन्हा बोट नेलं. पुन्हा बूट.

“हे नेहमी होतं?”

“रोजचंच आहे. आधी बूट उघडतात, मग आपलं पान.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, माझाच हात.”

साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचा हात तसाच आहे. आणि ती जाहिरात त्या बटणाला खेटून कुणी बसवली? तुम्ही. जागा आमच्यावर सोडा, आमची यंत्रणा उत्तम जागा निवडते, असं तुम्हीच सांगितलंत, मी मान डोलावली. जिथं जास्त बोटं पडतात तिथं तुमच्या यंत्रणेनं जाहिरात नेऊन ठेवली, आणि बोटं पडली म्हणून तुम्ही आमच्यावर डोळे वटारले.

मी जाहिराती बटणांपासून लांब नेल्या, तुमची ती निवड बंद केली. भावोजींकडे गेलो.

“चुकलो.”

“चहा कर,” ते म्हणाले. चहा पिऊन बोलायला लागले.

तोवर तुम्ही खातं बंद केलं होतं. अपील एकदाच करता येतं. पुरावा एकच होता.

“हाताचा व्हिडिओ पाठवू या,” मी म्हणालो.

“नको,” भावोजी म्हणाले. “ती कुणाच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा हात मागे धरते हल्ली. परक्यांना कशाला दाखवायचा?”

“दाखवू दे,” ताई म्हणाली. “शिलाई दाखवताना लाजले नाही कधी. पण नखं कापून द्या आधी.”

भावोजींनी कागद पसरला, तिचा हात आपल्या गुडघ्यावर दाबून धरला आणि एकेक नख कापलं. एकदा कातर चुकली. मी पान जुन्या मांडणीवर नेलं आणि तुमची जाहिरात बंद झाली होती तिथं बुटांच्या दुकानाचा दुवा लावला. मग तिनं कॅमेऱ्यासमोर फोन धरला. बोट, बूट, मागे. बोट, बूट, मागे. शेवटी एकदा ‘पुढे’ लागलं तेव्हा तिनं वर बघितलं.

मी अपील पाठवलं. तो व्हिडिओ पूर्ण बघायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत तुमचं उत्तर आलं. कापलेली नखं अजून कागदावरच होती. ‘आढळलेलं वर्तन खऱ्या माणसाच्या वापराशी जुळत नाही. निर्णय अंतिम आहे.’

ताईनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. हात टेबलावरच होता तिचा, खाली नेला नाही.

“खऱ्या माणसाच्या नाही,” ती म्हणाली. “मग कुणाच्या, ते विचार ना त्यांना.”

विचारतोय. माझ्या बहिणीचा हात तुमच्यापैकी कुणी पाहिला? पाहिला असेल तर त्यानं आपलं नाव घालून लिहावं. पाहिला नसेल, तर तेही नाव घालूनच लिहावं. आणि मग सांगा, माणसाचा हात किती स्थिर असला म्हणजे तो तुमच्या लेखी माणसाचा होतो. ताई टेबलाशी बसली आहे. उत्तर द्या.