उपटु नका

शाळेमागच्या उजाड उतारावर मुलांनी तीनशे रोपं लावली, ती ठिपकीसाठी. ठिपकी म्हणजे चिमणीएवढं पाखरू, गळ्यावर पिवळा ठिपका. साऱ्या मुलखात जेमतेम शंभर उरलेली. या हंगामात तिचं एक तरी घरटं दिसलं नाही, तर उतार सपाट करून तिथं गाड्या लावायच्या, असं संस्थेनं ठरवलं होतं.

पाणी घालायचं काम माळीकाकांचं. प्रत्येक रोपाशी मुलांनी पाटी रोवली होती. साठी उलटलेले काका त्या पाट्यांवरच अक्षरं शिकले. शिकवायची चौथीतली एक मुलगी. हात कायम पांढरे, म्हणून तिचं नाव खडू.

"काका, तो पोटफोड्या ष आहे. पोट फोडायचं विसरलात!"

"राहू दे गं, दुखेल त्याला."

खडूच्या पाटीवर होतं, 'माझं झाड. उपटु नका.' काकांनी कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं ते पहिलं वाक्य. उन्हाळ्यात तिचं रोप गेलं. जागेवर काटेरी वेल माजली. काका तिलाही रोज झारीभर पाणी घालत राहिले.

मुख्याध्यापिका बाईंनी ते पाहिलं. "काका, झाड केव्हाच गेलं. तण कसलं पोसताय? काढा ते."

"पण पाटीवर लिहिलंय, बाई."

शिपाई खो खो हसला. "कालपर्यंत अक्षरशत्रू, आज अक्षरांचे गुलाम!"

काकांचे कान तापले. सकाळी ते विळा घेऊन गेले खरे, पण पाटीसमोर हात उचलेना.

"काढा, काका. मी नाही रागावणार," खडू म्हणाली.

त्यांनी वाकून वेल बाजूला सारली, तोच आतून काहीतरी फुर्रकन उडालं आणि शेजारच्या रोपावर बसून त्यांना शिव्या घालू लागलं. गळ्यावर पिवळा ठिपका. आत गवताची वाटी, वाटीत तीन अंडी. मुलांची रोपं अजून गुडघ्याएवढी. लपायला दाट जागा उतारावर तेवढी एकच होती.

काकांनी विळा हळूच मागे लपवला, जणू ठिपकीनं पाहू नये.

बाई धावत आल्या. बघता बघता त्यांचे डोळे भरले. "वाचला आपला उतार," त्या म्हणाल्या. मग नजर पाटीवर गेली. "अगं खडू, 'टू' दीर्घ हवा होता!"

"असू द्या, बाई," काका म्हणाले. "ऱ्हस्व होता तरी मला पुरला."

आणि खडूचा पांढरा हात त्यांनी आपल्या मातीच्या दोन्ही हातांत धरला.