एकोणिसावी ओळ

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पाहिजे तर बाँडवर लिहून देतो. जळकोटात माझं बोलणं खरं मानणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी सरजावहिनी, आणि आज आपण तिच्याच पुण्यानुमोदनाला या मांडवात बसलोत. तिच्या फोटोकडं तोंड करून सांगतो. परदेशात हेग नावाचं गाव आहे. तिथं जगातलं सगळ्यात मोठं कोर्ट आहे. त्या कोर्टात सतरा देशांचे जज ज्या प्रश्नापुढं हात टेकून बसले होते, तो प्रश्न या पंढरीनं सोडवला.

"कोणत्या गाडीनं गेलता, काका?" बजरंगनं विचारलंच. शेजारी आहे, मांडवही त्यानंच घातला, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. "उदगीरहून बसले का लातूरहून?"

विमानानं गेलो. खिडकीची जागा होती. तिथल्या मोठ्या जजसाहेबांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. मी पिशवीतून वहिनीच्या हातची भाकर आणि ठेचा काढला. साहेबांनी एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून असं पाणी आलं, असं पाणी आलं, की सुनावणी अर्धा तास तहकूब करावी लागली.

"बाबा," बुद्धप्रिया म्हणाली. एवढंच. ही माझी लेक. खांबाला टेकून, मांडीवर वही घेऊन बसली आहे. तिचं 'बाबा' कधी पुढं हो म्हणणारं असतं, कधी थांबा म्हणणारं. हे थांबा म्हणणारं होतं.

बरं, माझं विमान राहू द्या. पण लेक गेली होती, हे तर खोटं नाही? नांदेडच्या एका लॉ कॉलेजात मी चौतीस वर्षं ग्रंथालयाचा शिपाई होतो. शाळा सुटली की ती तिथं येऊन कपाटांमधल्या बोळीत बसायची. एक दिवस तिनं एक जाड पुस्तक ओढून काढलं. मागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नव्हता. आल्यापासून कोणी नेलंच नव्हतं ते. चार दिवस वाचून मला म्हणाली, "बाबा, लढाईला पण कायदा असतो. ज्याच्या हातात हत्यार न्हाई त्याला मारायचं न्हाई, असं सगळ्या देशांनी सही करून ठरवलंय."

सुट्टीत जळकोटला आलो तेव्हा हेच तिनं वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तुळशीरामची बायको. बुद्धप्रिया तिला मोठी माय म्हणायची. वहिनी चुलीपुढं होती. तिनं विचारलं, "मग मारणाऱ्यांना कोणी सांगितला न्हाई का त्यो कायदा?"

त्या एका प्रश्नावर माझ्या लेकीचं आयुष्य गेलं बघा. वकील झाली, पण कोर्टात उभी राहिली नाही. आठ वर्षं प्रबंध लिहिला. विषय काय, तर ज्यानं डोळ्यानं पाहिलं त्याचं बोलणं कसं ऐकायचं आणि कसं लिहून घ्यायचं. मग दोन वर्षं हेगला. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायांच्या जबान्या वाचायच्या, कोणती किती पक्की ते तोलायचं. मग परत नांदेडला, प्राध्यापक म्हणून. पहिल्याच तासाला एका पोरानं विचारलं, "म्याडम, याला वकिलीत काय स्कोप हाय?" ती म्हणाली, "काहीच न्हाई," आणि फळ्याकडं वळली. वर्गात अकरा पोरं होती. दुसऱ्या दिवशी चार उरली. त्या चौघांना तिनं त्या दिवसापासून एकच घोकायला लावलं: पाहिलं ते पाहिलं, ऐकलं ते ऐकलं, दोन्ही एका ओळीत लिहायचं नाही.

आता हे आपल्या भागात अवघडच. इथं सगळ्यांनी सगळं पाहिलेलंच असतं. मी स्वतः मांजरा नदी उलटी वाहताना पाहिली आहे.

"पाहिली का ऐकली?" बजरंग.

पाहिली. चूप बस.

तर असंच एकदा ती हेगच्या गोष्टी सांगत होती. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुज्या त्या कायद्यात आमच्याकडचे बसतात का गं?" बुद्धप्रियाला कळलं नाही. आम्हालाही कळलं नाही. तेव्हा वहिनीनं सांगितलं, आणि या घरात पहिल्यांदाच सांगितलं, की तुळशीरामच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं. भोकरकडच्या एका गावात. ती चौदा वर्षांची होती. साल अठ्ठेचाळीस, निजामाचं राज्य संपायला आलं होतं.

गाव मी सांगत नाही. बंदुका घेऊन आले ते कोण होते, तेही मी सांगत नाही. लेक लिहिते आहे त्या पुस्तकात आहे, पुराव्यानिशी आहे, आणि त्यांची नातवंडं आज आपल्यासारखीच भली माणसं आहेत. ते आले आणि ओझी वाहायला सात माणसं घेऊन गेले, त्यात वहिनीचा तो पहिला नवराही. माणसं उपाशी गेली म्हणून वहिनी भाकर बांधून मागं गेली. नाल्याजवळ पोचली तेव्हा ओझी उतरलेली होती. सातही जण पाणी प्यायला खाली वाकले होते. ज्वारी डोक्याच्या वर वाढलेली, तिच्यात ती उभी होती. बार झाले ते तिनं मोजले नाहीत. ती म्हणाली, "मला वाटलं, अजून पाणीच पिऊन राहिले. लई येळ झाला तरी कोणी मान वर करंना, तवा कळलं."

ते सांगताना ती रडली नाही. बुद्धप्रियानं लावलेला रेकॉर्डर चालू होता. शेवटी म्हणाली, "हे तिथंच पडले."

आणि तिथं माझ्या लेकीच्या हातून चूक झाली. शिकलेल्या, जग हिंडून आलेल्या बाईच्या हातून. जन्मापासून या घरात मोठी मायच्या तोंडचा 'हे' म्हणजे तुळशीराम. घाईत लिहिताना हात त्याच वळणानं गेला. मयताशी नातं, पत्नी. मयताचं नाव, तुळशीराम. भोकरकडच्या चार गावांत तेव्हा मारलेल्या माणसांची यादी ती जमवत होती. एकोणीस नावं झाली. लातूरला एका सभेत तिनं ती वाचून दाखवली. एकोणिसावं नाव वाचलं आणि मागून एक म्हातारा उठला. "म्याडम, जळकोटचा तुळशीराम ना? त्यो माज्यासंगं शहाण्णव सालापतूर पत्ते खेळत व्हता."

सभा हसली. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. माझ्या भावाला तिनं अठ्ठेचाळीस साली मारून टाकलं होतं, तो बिचारा घरी अंथरुणावर मेला.

पण ज्यांना ही गोष्ट नकोच होती, ते हसले नाहीत. ते म्हणाले, एक खोटं निघालं ना, मग अठराही खोटेच. काही झालंच नाही तिथं. वर्तमानपत्रात पत्रं आली. एकानं लिहिलं, या बाईंनी परदेशात हेच शिकवलं का? बुद्धप्रियानं उत्तर दिलं नाही. तिनं यादी काढली, एकोणिसाव्या ओळीतलं नाव खोडलं आणि लिहिलं: अज्ञात पुरुष, वय सुमारे वीस. मला म्हणाली, "बाबा, आता हे नाव ज्यानं पाहिलं त्याच्याकडूनच आलं पाहिजे. न्हाईतर ओळ अशीच छापीन. याच्यापायी त्या अठरांना दुसऱ्यांदा मरू देणार न्हाई."

त्या गावात जाऊन आली. वहिनीच्या त्या सासरचं घर केव्हाच उठलेलं, माणसं हैदराबादेकडं पांगलेली. दोन म्हातारे सापडले. एक म्हणाला मारोती असंल, दुसरा म्हणाला किसन. दोघांनीही ऐकलेलं. पाहिलेली फक्त वहिनी. आणि वहिनी नाव घेईना.

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हे आपल्या म्हाताऱ्या बायांचं तुम्हाला काय सांगायचं? सहा महिने दर रविवारी लेक नांदेडहून एस्टीनं यायची आणि वहिनीपुढं बसायची.

"मोठी माय, एकदाच सांग."

"नाव घेऊ नये माय. त्यांचं आयुष्य कमी होतं."

"मोठी माय, ते तर कवाच गेले."

"म्हणून काय झालं?"

यावर जगातल्या कोणत्या कोर्टाकडं उत्तर आहे? उखाण्यात घे म्हणलं, तर म्हणाली, उखाणा लग्नात घेतात, मयताचा उखाणा नसतो. मी म्हणलं, आपण अक्षरं म्हणू, तिनं नुसती मान हलवावी. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्या तोंडात घालाल. तुमच्या क-नंतर ख येण्याआधी तिची मान हललेली असंल." पोटची लेक असून बापाला इतकं ओळखून आहे.

आणि गेल्या गुरुवारी वहिनी गेली. एक्क्याण्णव वर्षांची होऊन, झोपेत. पुस्तक सोमवारी छापायला जायचं आहे. आत्ता माझ्या लेकीच्या मांडीवर जी वही आहे, तिच्यात एकोणिसावी ओळ तशीच आहे. सकाळपासून मी बघतो आहे, ती ते पान उघडते आणि मिटते. एक पोरगा पाणी प्यायला वाकला तो उठलाच नाही, आणि आता पुस्तकातही त्याला नाव नाही.

म्हणून हे सांगायला उभा राहिलो. हेगच्या जजांनी काय केलं असतं ते राहू द्या, मी काय केलं ते ऐका.

वहिनी गेली त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मंगळवार, सकाळची वेळ. बुद्धप्रिया नांदेडला पेपर तपासत होती. वहिनी अंगणात बसली होती. मी तिच्यापुढं बसलो, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणलं, "वहिनी, जगाचं कोर्ट तुझ्या दारात आलं आहे. त्याला रित्या हातानं पाठवू नको." असं म्हणताच वहिनी उठली. काठी फेकून दिली. एक्क्याण्णव वर्षांची बाई ताठ उभी राहिली, आणि जलशातल्या गाणाऱ्यासारख्या खड्या आवाजात म्हणाली, "हिरामण! माझ्या मालकाचं नाव हिरामण!" एकदा नाही, तीनदा म्हणाली. लिंबावरचे कावळे उडाले. पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

बुद्धप्रियानं पेनाचं टोपण काढलं, पण पेन कागदावर टेकवला नाही.

"बाबा, हे तुम्ही पाहिलं का ऐकलं?"

"पाहिलं पण आणि ऐकलं पण."

"मंगळवारी?"

"मंगळवारी."

"पाच दिवस मला का सांगितलं न्हाई?"

"घरात मयत झाली, माय. सांगायला सवड कुठं होती?"

तिनं माझ्याकडं बघितलं. असं ती परक्या माणसाकडं बघत असेल, हेगमध्ये. "तिथं दुसरं कोण होतं?"

"गुणाबाई होती," मी म्हणलं. "वहिनीची वेणी घालायला रोज येती ती. विचार तिला. ती काय खोटं बोलणार हाय?" आणि गुणाबाईकडं बघून मी जरा डोळा बारीक केला. तीस वर्षांचा शेजार आहे. एवढं तर माणूस समजून घेतं.

बुद्धप्रिया वहीसकट वळली. "गुणाकाकू, मी काही विचारत न्हाई. मंगळवारी काय झालं ते तुमच्या बोलीत सांगा."

गुणाबाई वहिनीच्या फोटोजवळ बसली होती. तिनं आधी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खोटं हाय," ती म्हणाली. "पंढरीकाका, एवढ्या मांडवात, तिच्या फोटोपुढं? मावशी उठल्या न्हाईत अन् बोलल्या न्हाईत. तुम्ही हात बी धरला न्हाई. तुम्ही बाजंवर बसून भोकरकडची लग्नपत्रिका मोठ्यानं वाचून राहिला होता, निमंत्रकापासून पार खालच्या चिल्ल्यापिल्ल्यांपतूर, पन्नास-साठ नावं. मी त्यांच्या डोक्याला तेल लावून राहिले होते, डोकं उघडं. तुम्ही कोण्या परक्या हिरामणाचं नाव वाचलं, अन् मावशींनी माझा हात बाजूला सारून पदर डोक्यावर ओढला. तुळशीरामकाकाचं नाव कोणी काढलं की ओढायच्या ना, तस्साच. मला वाटलं ऊन लागलं. पदर काढून मी परत फणी लावली. तुम्ही पुढची धा-बारा नावं वाचली, त्या हालल्या न्हाईत. मग मीच म्हणलं, काका, ते मघाचं नाव परत वाचा. तुम्ही वाचलं. त्यांनी परत ओढला. मग दिवस मावळेपतूर मला वेणी घालू दिली न्हाई. बुद्धप्रिया आली की सांगू म्हणलं, तर त्या गेल्याच, अन् पदराचं काय सांगायचं म्हणून मी बी गप बसले. माय, तुला जे लिवायचं ते लिव, पण त्यांनी नाव घेतलं असं लिवू नको. त्या बाईनं मरेपतूर नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई."