डावा बूट नवाच राहिला

तेलगुरूंच्या दर्शनाला त्या दिवशी सायकल शर्यतींचं स्टेडियम भरून सांडलं होतं. कुबड्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या, प्लास्टरमधले हात, सगळ्या शहराची मोडतोड एका छपराखाली जमली होती. मंचावर मखमलीखाली झाकलेली एक सायकल, शेजारी तिचा स्वार आणि त्याच्या मांडीवर हात ठेवून खुद्द गुरू.

"हाड म्हणजे काय?" गुरू माइकमध्ये हळुवार बोलले. "हाड म्हणजे झोपलेली ऊर्जा. डॉक्टर तिला खिळे ठोकतात. आम्ही तिला प्रेमाने हाक मारतो."

"हाक ऐकू जायला बाटली मात्र विकत घ्यावी लागते," मंचामागे पाने-पक्कड आवरणारा मिस्त्री पुटपुटला. संघाच्या सायकली सांभाळण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती आणि कुठल्याही गोष्टीवर, ती उघडून बघितल्याशिवाय, विश्वास ठेवायचा त्याला सराव नव्हता.

त्या स्वाराला सगळे बाण म्हणत. अकरा आठवड्यांपूर्वी उतारावर घसरून त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि सहा महिने शर्यतीचं नाव काढू नकोस म्हणून बजावलं. मग गुरूंचं तेल आलं, आणि गेल्या आठवड्यात पठ्ठ्याने चढणीची शर्यत चक्क जिंकली. तेव्हा मिस्त्री चारचौघांत म्हणाला होता, "हा काहीतरी टोचून घेतोय." रक्त तपासलं, लघवी तपासली, दोनदा तपासली, अहवाल स्वच्छ. मिस्त्री तोंडघशी पडला. गुरूंनी तो अहवालच दारभर मोठा करून मंचामागे टांगला. औषध नाही, म्हणजे चमत्कारच, हे लोकांना पटायला मग कितीसा वेळ लागतो?

सगळ्यांत आधी पटलं ते मिस्त्रीच्याच थोरल्या बहिणीला. न्हाणीघरात पडून ताईच्या खुब्याचं हाड तडकलं होतं. शनिवारी ऑपरेशन केलं नाही तर हाडाचा रक्तपुरवठा तुटेल आणि मग चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताईने ऑपरेशन रद्द केलं आणि तेलाच्या चार बाटल्या मागवल्या. "तूच म्हणालास ना, बाण औषध घेतो म्हणून? निघालं का काही? मग गप्प बस," असं म्हणून तिने त्याची बोलतीच बंद केली. आज ती पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसली होती. आज गुरुवार होता.

आपल्याच उतावळ्या तोंडाने आपण ताईला त्या तेलात ढकललं, ही गोष्ट मिस्त्रीला आतून खात होती. त्यात सकाळपासून एक बूट त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

झालं होतं असं. अपघातानंतर बाण सायकलीला कुणाला हात लावू देत नसे. "स्पर्शाने तेलाचा प्रभाव उतरतो," हा गुरूंचा नियम. स्वतः धुवायचा, स्वतः पुसायचा, खोलीत घेऊन झोपायचा. बावीस वर्षांत स्वतःची सायकल धुणारा स्वार मिस्त्रीने पाहिला नव्हता. बूट मात्र बाणाने सवयीने त्याच्याकडे टाकले होते. मिस्त्रीने आतल्या गाद्या वाळत घालायला बाहेर काढल्या आणि तो बघतच राहिला. दोन्ही गाद्या एकाच दिवशी त्यानेच नव्या घातल्या होत्या. उजवी चवड्याखाली अंगठा बुडेल इतकी दबली होती. डावी जशीच्या तशी, जणू दुकानातून आणलेली.

म्हणजे डाव्या पायाने जोर लावलाच नव्हता. तो पेडलबरोबर नुसता फिरत होता. एका पायाने ती चढण कुणाच्या बापाला जिंकता येणार नव्हती. आणि औषध घेतलं असतं तर ते रक्तातून दोन्ही पायांना मिळालं असतं, ते काही डावं-उजवं बघत नाही. तिसरा जोर कुठून तरी येत होता, पण अंगातून नाही. अंग तर दोनदा तपासून झालं होतं. तपासायची राहिली होती फक्त ती वस्तू, जिला हात लावायला मनाई होती.

"मिस्त्री, सायकल स्टँडवर चढवा. मखमलीसकट," मंचावरून फर्मान आलं. मिस्त्रीने सायकल चढवली आणि मखमल खाली ओढली.

"हात काढा," गुरू दात विचकत, पण माइक बाजूला धरून म्हणाले.

मिस्त्रीची बोटं हँडलच्या पट्टीवरून फिरत होती. एका जागी पट्टीखाली वाटाण्याएवढा उंचवटा लागला. त्याने तो दाबला. पेडलवर पाय नाही, हात नाही, तरी पेडलं गरगर फिरू लागली.

स्टेडियमभर आधी श्वास रोखला गेला, मग हात जोडले गेले. गुरूही काही कच्चे नव्हते. "पाहा, तेल बोलतंय," ते माइकमध्ये म्हणाले. "पायातली ऊर्जा लोखंडात उतरली आहे."

"हो का?" मिस्त्री म्हणाला. त्याने पान्याने सीटखालचा बोल्ट सैल केला, सीटचा दांडा उपसला आणि खालच्या नळीतून विजेरीएवढी एक मोटर वायरसकट बाहेर ओढली. पेडलं थांबली. "ही घ्या तुमची ऊर्जा. हिला चार्जिंग लागतं, श्रद्धा लागत नाही."

गुरूंनी माइक खाली ठेवला. बाणाने खाली मान घातली होती.

"मोटर मीच आणली," तो म्हणाला. "संघ काढून टाकणार होता मला. हात लावायचा नाही, हा नियम यांनी काढला. म्हणाले, तुझं झाकलं जाईल आणि माझं खपेल."

गलका उठला. कुणी बाटल्या फेकल्या, कुणी त्या पदराखाली अजून घट्ट धरल्या. गुरू मागच्या दाराने सटकले. मिस्त्री माइकजवळ गेला. त्याला भाषण येत नव्हतं.

"मीही चुकलो," तो म्हणाला. "न तपासता औषधाचं नाव घेतलं. तुम्ही न तपासता चमत्काराचं घेतलं. दोन्ही सारखंच. एखादी गोष्ट समजली नाही, तर समजली नाही म्हणा आणि उघडून बघा. जो उघडू देत नाही, त्याच्याकडून मीठसुद्धा घेऊ नका."

तो खाली उतरला. ताईने खुर्ची स्वतःच पुढे ढकलली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बाणाकडे बघत होती.

"खरं सांग रे बाबा, दुखतो का पाय?"

"रोज दुखतो, ताई. जिना उतरताना कठडा धरतो. तुमच्यासारखे लोक समोर आले की सरळ चालतो."

 ताईने मांडीवरची बाटली खुर्चीखाली ठेवली.

"याच्या सायकलीत मोटर तरी होती," ती भावाला म्हणाली. "माझ्या खुब्यात काय आहे? डॉक्टरांना फोन लाव. शनिवारची वेळ अजून रिकामी आहे का, विचार."

मिस्त्रीने तेलकट हात विजारीला पुसले आणि फोन काढला.