पुढची तीस वर्षं

धैर्यशीलराव दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले आणि कठड्याला धरून वर बघत म्हणाले,

"पारूबाई, आमच्या वडलांनी बिल्डरला जागा दिली ती बरं केलं. पर एक लिफ्ट तेवढी मागून घ्यायची हुती की!"

वर दारात उभ्या असलेल्या पारूबाईनं हसल्यासारखं केलं. जागामालकानं असे जिने चढत घरोघर यायची खरं तर काही गरज नव्हती. वकिलाकडं बोलावलं असतं तर सगळ्यांच्या सह्या एका दुपारी उरकल्या असत्या. पण धैर्यशीलरावांची रीत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. कागद मागाहून, आधी घरात यायचं, चहा घ्यायचा आणि पुढं जो राहणार त्याच्या तोंडून शब्द ऐकायचा.

इमारतीच्या जागेचा तीस वर्षांचा भाडेपट्टा त्या दिवाळीत संपत होता. आणखी तीस वर्षं वाढवून द्यायला ते एका पायावर तयार होते. अट एकच: नाव तरुण माणसाचं लागेल, आणि ज्याचं नाव लागेल त्यानं इथंच राहायचं. तो गेला की फ्लॅट परत. म्हाताऱ्यांच्या मागं वारस हुडकून आणि कुलपं बघून ते विटले होते. अट काही वाईट नव्हती. बाकीच्या घरांत तिच्यापायी कुणाचं अडलंही नाही, कारण बाकीच्या घरांत मुलगे होते.

पारूबाईचा मुलगा प्रसेनजीत दोन वर्षांपूर्वी जयसिंगपूरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. घरात उरले ती, पाणीपुरवठ्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले गणपतराव आणि सून प्रीती. त्याच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, प्रीतीचा भाऊ तिला न्यायला आला होता. तेव्हा भरल्या घरात पारूबाईनं सुनेचं मनगट धरलं.

"ही माझी लेक हाय. माझ्यात जीव हाय तवर हिला हितनं कोण हलवत न्हाय!"

ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. अशी सासू बघितली नाही, असं बायका कितीतरी दिवस म्हणत होत्या. पारूबाई मनापासूनच बोलली होती. आपण त्या पोरीला खुंट्याला बांधतोय, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही. बांधून घेणारीच्याही आलं नाही.

मग उन्हाळ्यात भावानं प्रीतीसाठी हातकणंगल्याचं स्थळ आणलं. रेल्वेत नोकरी, बायको वारलेली, माणूस शांत. दोघांची एकदा भेट झाली होती. एका संध्याकाळी पारूबाई भाजी घेऊन वर आली, तर प्रीती फोनची वायर बोटाला गुंडाळत हसत होती. दोन वर्षांत त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. सासू दिसताच तिनं रिसीव्हर ठेवला.

"राँग नंबर होता, आत्ती."

दुसऱ्या दिवशी तिनं भावाला नकार कळवला. पारूबाईचा जीव तिळतिळ तुटला.

"अगं, जा की. वय काय तुझं?"

"आणि घराचं काय?" प्रीती कांदा चिरत होती, तिनं मान वर केली नाही. "माझं नाव लागलं नाही तर तुम्ही दोघं कुठं जाणार?"

याचं उत्तर शोधायला पारूबाईला पावसाळाभर लागला.

धैर्यशीलराव आत येऊन टेकले. तांब्याभर पाणी प्यायले, गुडघे चोळले, चहाचा पहिला घोट घेतला.

"मग? सूनबाईंच्या नावावर लावायचं ठरलंय म्हणं."

"व्हय, व्हय," गणपतराव म्हणाले. सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. भिंतीवरच्या बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या आणि प्रसेनजीतच्या तसबिरी त्यांनी स्वतः पुसल्या होत्या. "प्रीती, ये गं बाहेर."

प्रीती येऊन चौकटीपाशी उभी राहिली. ती कामाला होती त्या लॅबमध्ये रजा टाकून ती थांबली होती.

"बघ पोरी," धैर्यशीलराव म्हणाले. "तीस वर्साचा शब्द हाय. मागनं जाते म्हणालीस तर मला चालायचं न्हाय. ऱ्हाणार न्हवं हितं?"

धैर्यशीलरावांनी चहाचा आणखी एक घोट घेतला. पारूबाईनं आयुष्यात कधी हिशेब केला नव्हता, तो त्या घोटभर वेळात केला. प्रीतीची सत्तावीस आणि वर तीस. सत्तावन्न. तोवर आपण दोघं कधीच मातीत गेलेलो असू, आणि ही या चौकटीपाशी अशीच उभी असेल, केस पांढरे झालेली.

"तिचं नाव लावायचं न्हाय," पारूबाई म्हणाली.

गणपतरावांना वाटलं, ही काहीतरी विसरली.

"अगं, ठरलंय न्हवं आपलं?"

"मुदतच नको वाढवून. दिवाळीला किल्ली घ्या तुमची. मुरगूडला दिराची खोली हाय, आमी दोघं तिकडं जातो."

"आणि ही?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"हिचं हिचा भाऊ बघंल." पारूबाईनं प्रीतीकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर पुढचं वाक्य तोंडातून निघालंच नसतं. "लोकाची लेक किती दीस सांभाळायची आमी?"

धैर्यशीलरावांनी कप खाली ठेवला. गणपतरावांकडं एकदा बघितलं, पारूबाईकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"शब्द?"

"शब्द."

ते उठले, दारात चपला घालून त्यांनी पारूबाईला हात जोडले आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेले.

प्रीती भांडेल, तोडून बोलेल, याची पारूबाईनं तयारी ठेवली होती. प्रीती भांडली नाही.

"माझं काय चुकलं, आत्ती?"

"चुकायला कशाला पायजे?" पारूबाईनं कप उचलले आणि ती आत गेली.

गणपतरावांनी त्या दिवसापासून बायकोशी बोलणं टाकलं. जन्माची कमाई घालून घेतलेलं घर हिनं चहाच्या कपाबरोबर विसळून टाकलं होतं. वर त्या गरीब पोरीला नाही ते बोलली. ते बाहेरच्या खोलीत जेवू लागले. प्रीतीही कामापुरतंच बोलायची. एका घरात तिघं तीन ठिकाणी राहिल्यासारखी राहिली.

आठवड्याभरानं प्रीतीच्या भावाचा फोन आला. हातकणंगल्याचं जमलं होतं, तिनं हो म्हटलं होतं, रविवारी तो तिला न्यायला येणार होता. गणपतरावांनी निरोप आत सांगितला. पारूबाई बरं म्हणाली, मोरीत गेली आणि तिनं नळ सोडला. गणपतरावांचा जन्म नळांत गेलेला. बादलीत पडणारं पाणी कुठलं आणि नुसतंच फरशीवर सोडलेलं कुठलं, हे त्यांना आवाजावरून कळायचं. हे फरशीवरचं होतं. नळ बंद होईपर्यंत ते मोरीच्या दाराबाहेर उभे राहिले. त्या दुपारी ते आत येऊन तिच्या शेजारी जेवायला बसले.

रविवारी प्रीती निघाली. तिनं गणपतरावांचे पाय धरले आणि हुंदके देऊन रडली. पारूबाईसमोर क्षणभर थांबली, मग तिनं पिशवी उचलली आणि भावाच्या मागोमाग जिना उतरली. पारूबाईचे पुढं आलेले हात तसेच राहिले.

खाली सामान रिक्षात चढत होतं. गणपतरावांना राहवेना. त्यांनी पायात चप्पल सरकवली.

"मी सांगून येतो तिला."

पारूबाईनं त्यांचा शर्ट मागून धरला.

"नगा सांगू."

"अगं, जन्मभर तुला वाईट म्हणंल ती!"

"म्हणू दे की. कळलं तर माघारी यील."

खाली रिक्षा सुरू झाली. गणपतरावांनी चप्पल काढून पुन्हा जागेवर ठेवली.