उवांचा आळ कुत्र्यावर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे, आणि माझा संताप अजून उतरलेला नाही.

एका कारागिराने बारीक करवतीने माझे दात कापले, तेही इतके दाट की केसाला चिकटलेली लीखसुद्धा मागे राहू नये. कपडे शिवणाऱ्या एका बाईने मला विकत घेतले. तिच्या बहिणींची, पुढे तिच्या लेकीची, म्हणजे ठमीची, डोकी मीच साफ केली. शेजारणी मला कौतुकाने मागून न्यायच्या. मग बाटलीतली औषधे आली आणि माझी रवानगी शिलाई मशीनच्या खणात झाली. तुटक्या बटणांच्या संगतीत मी धूळ खात पडले.

एके दिवशी ठमी डोके कराकरा खाजवू लागली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली! ठमीच्या केसांतून उवा निघाल्या. आईने रागाने घरातल्या भोपळ्याला, म्हणजे त्यांच्या लठ्ठ कुत्र्याला, पकडले आणि त्याच्याही पाठीवरून मला फिरवले. माझ्या दातांत एक तपकिरी किडा अडकला.

"बघा! ऊ! या मेल्यानेच माझ्या पोरीच्या डोक्यात घातल्या," आई ओरडली. "आजच्या आज याला घराबाहेर काढा!"

अहो, ती ऊ नव्हती! मला तोंड असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. ती पिसू होती, पिसू! पिसू टुणकन उडी मारते. उवेला उडी येतच नाही, ती केसाला धरून चालते आणि एका डोक्याला दुसरे टेकले की पलीकडे जाते. माणसाच्या डोक्यातली ऊ कुत्र्याच्या अंगावर जगत नाही. जन्मभर उवा काढल्या मी, आणि मला कोण विचारणार?

ठमी रडून रडून बेजार झाली. तरी बाबांनी भोपळ्याला आपल्या लाकडाच्या वखारीत नेऊन बांधले. इकडे ठमीचे खाजवणे काही थांबेना.

"जाता जाता घरभर सोडून गेला," आई म्हणाली. घ्या! गेलेल्या कुत्र्याचीही सुटका नाही.

शेवटी बाबा वखारीत गेले. भोपळ्या हाडकला होता, खाजवून त्याची कातडी सोलली होती. ते त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि दाखवायला म्हणून मलाही खिशात घातले. डॉक्टरांनी मला भोपळ्याच्या शेपटीजवळ फिरवून पांढऱ्या कागदावर झटकले. कागदावरून एक किडा उडाला.

"ही पिसू," डॉक्टर म्हणाले. "आणि कानात ही फुगलेली गोचीड. रक्त पिताना चिकटून बसते. यांच्यावर औषध देतो, याचं अंथरूणही गरम पाण्यात धुवा. पण मुलीच्या उवा याच्या नाहीत. घरात तिच्या उशाशी कोण झोपतं?"

बाबा तडक उठले. घरी येऊन त्यांनी मला आईसमोर धरले. "जरा तुझे केस विंचर."

"माझे? मी काय घाणेरडी आहे का? रोज न्हाते मी!"

उवेला न्हालेल्या डोक्याचे काय वावडे? ठमीनेच आईच्या मांडीवर पांढरे फडके पसरले आणि मला तिच्या केसांतून ओढले. फडक्यावर एक ऊ पडली. मग दुसरी. मग आणखी. त्यातली एकही उडाली नाही.

"मीच गं," आई हळूच म्हणाली. "रात्री तुला कुशीत घेऊन झोपते ना."

मायलेकींची डोकी मी रोज विंचरली, आणि ती साफ झाली. भोपळ्याच्या पिसवाही गेल्या. आई स्वतः वखारीत जाऊन त्याला घेऊन आली.

"चल रे राजा, ये आत," तिने पुन्हा पुन्हा हाक मारली.

भोपळ्या उंबऱ्याबाहेर बसला. त्याने शेपटी हलवली, तिचा हातही चाटला, पण आत पाऊल टाकले नाही.

मित्रांनो, खाज सुटली तर किडा नीट बघा, आपले डोकेही तपासा, मगच कुणाला बोल लावा. आई आजही भोपळ्याची ताटली दाराबाहेर ठेवते आणि तो खाईपर्यंत तिथेच, पायरीवर, त्याच्याजवळ बसून राहते.