मुळ्याचे शिक्के

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, आणि मालसून आजीला नेमकं तेच हवं होतं.

सोलमधल्या चर्चच्या अंगणात हिवाळ्याची किमची घालायला बायका जमल्या होत्या. बहुतेक जणी यंदाच नव्यानं आलेल्या. प्रत्येकीचं कुणी ना कुणी तुरुंगात. बहुतेकांचा गुन्हा एकच, जनरलसाहेबांकडे निवडणूक मागितली. मिठात मुरलेला कोबी, तिखटानं लाल झालेले हात आणि मधोमध परदेशी संस्थेचा कागद. वकिलाची फी ती संस्था द्यायची. पण मदत घेणाऱ्या प्रत्येकीचं नाव, पत्ता आणि पुढे सहीऐवजी तिच्या नावाचा शिक्का उमटल्याशिवाय छदाम सुटत नसे. त्यांच्यातल्या तरुण दॉकिमच्या आईचा खटला सोमवारी होता. शिक्के प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत होते. बाहेर एकही निघत नव्हता.

इथे टपाल फोडून वाचतात, हे दॉकिमनं संस्थेला तीनदा कळवलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं: आपली अडचण समजते, सोबत नवा कोरा तक्ता जोडला आहे.

"घाबरता कशाला गं?" आजीनं सुरी उचलली. "गेल्या वर्षी मी मुळे कोरले. चाळीस मुळे, चाळीस शिक्के."

मग आजी सुटलीच. नावं म्हणे तिनं सासरच्या मेलेल्या बायकांची घातली. संस्थेनं सुबक अक्षराबद्दल आभार मानले. यादी पोलिसांच्या हाती लागली, तेव्हा चार शिपाई तिच्या चुलतसासूला पकडायला डोंगरावर गेले ते थेट थडग्यापाशी पोचले. आणि पोचलोच आहोत म्हणून बिचाऱ्यांनी रीतीप्रमाणे दोनदा वाकून नमस्कारही घातला.

बायका खदखदून हसल्या. हसणं कानावर पडलं की आजीला जरा श्वास घेता यायचा. वर्षभर ती याच औषधावर होती. तिनं मुळ्याचा एक काप तिखटात बुडवून कागदावर दाबला. लाल ठसा उमटला. बघता बघता दोघीतिघींनी सुऱ्या घेतल्या.

दॉकिम हसली नव्हती. तिनं हातातला कोबी खाली ठेवला.

"आजी, गेल्या वर्षी घरोघर फिरून शिक्के तुम्हीच गोळा केलेत. आईनं माझ्यासमोर उमटवला, तिचा खरा, लाकडी. त्याच यादीवरून पोलिसांनी तिला उचललं. मुळ्याचा असता, तर आज ती इथे तुमच्या शेजारी बसून मुळा चिरत असती."