शेजारच्यांची मैत्रेयी

आमच्या यांचा, म्हणजे भय्यासाहेबांचा, अर्धा जन्म 'लोक काय म्हणतील' यात गेला, आणि त्यापायी माझा सबंध गेला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेलो तर मला रंग आवडला का, हे ते कधी विचारत नाहीत. मंडळात कोणाकडे तशी साडी आहे का, हे विचारतात. मंडळ म्हणजे आमच्या या हिंदी शहरातल्या मराठी लोकांचं मंडळ. हे फॅक्टरीतून रिटायर झाले आणि मंडळाचे अध्यक्ष होऊन बसले. दर संक्रांतीला तिळगुळाच्या कार्यक्रमात 'आपली कुटुंबव्यवस्था' या विषयावर भाषण ठोकतात. आजी-आजोबांच्या मांडीवर वाढलेलं मूल कसं संस्कारी निघतं, हे सांगताना यांचा गळा भरून येतो. स्वतःच्या पोराला यांनी कधी मांडीवर घेतलेलं मला तरी आठवत नाही, पण जाऊ द्या.

तर आमच्या सुनेची, संपदाची, बाळंतपणाची रजा संपली. ती यांच्याच फॅक्टरीत लागली आहे, पण नोकरी अजून पक्की झालेली नाही. थोडे महिने काढायचे होते, तेवढ्यात उशीर नको, खाडे नको, असं साहेबानं तिला स्पष्ट सांगितलेलं. नात मैत्रेयी अजून अंगावर पिणारी. माझ्या कमरेला पट्टा, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची मनाई, मग रांगतं पोर काय उचलणार? हे मात्र धडधाकट. सकाळी फिरणं, मग पेपर, मग मंडळ, मग जेवून वामकुक्षी. यांनी नात सांभाळावी असं मी एकदा म्हणून पाहिलं. माझ्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशा नजरेनं यांनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणून संपदानं दोन डे-केअर शोधली. एक इथंच चेरीतालात, आमच्याच गल्लीत. गॅलरीतून त्याचं अंगण दिसतं, मी हळूहळू जाऊन बसू शकली असती. दुसरं फॅक्टरीच्या गेटबाहेर. तिथं फॅक्टरीतल्या बायांचीच पोरं असतात. फॅक्टरीच्या आत मोबाइल नेता येत नाही, गेटवरच जमा करावा लागतो, पण ती डे-केअरवाली गेटवरच्या गार्डला निरोप देते आणि गार्ड आत कळवतो. जेवणाच्या सुट्टीत पोरीला पाजून येता येईल, असं संपदाचं म्हणणं. मी म्हटलं, अंगावर पिणारं पोर आईजवळच बरं, गेटजवळचंच घे.

भय्यासाहेबांनी दोन्हींना नाक मुरडलं. गल्लीतल्यावर म्हणाले की मंडळाची माणसं रोज इथून जातात, अध्यक्षांची नात पाळणाघरात आणि अध्यक्ष घरी, हे बरं दिसणार नाही. गेटजवळच्यावर म्हणाले की तिथं आपल्या हाताखालची माणसं अजून कामाला आहेत, ती काय म्हणतील? मी म्हटलं, काय म्हणतील? पोरीची आई नोकरी करते म्हणतील, खरं तेच म्हणतील. पण खऱ्याचंच तर यांना वावडं.

मग स्कूटर काढून हे स्वतः जागा शोधायला निघाले. पाळणाघर पाहायला गेलेला माणूस तिथली मोरी पाहतो, पोरं हसून राहिली की रडून राहिली ते पाहतो. यांनी काय पाहिलं? आजूबाजूच्या फाटकांवरच्या पाट्या वाचल्या. महाराजपुरात एका कॉलनीत पूर्ण गल्ली फिरून एकही मराठी आडनाव दिसलं नाही, म्हणून आत पाऊलही न टाकता ते डे-केअर पसंत. घरून लांब, फॅक्टरीपासून लांब, आणि दोन्हींच्या भलत्याच दिशेला. तिथली दीदी भली निघाली ते आमचं नशीब, यांची अक्कल नव्हे.

आमचा अनुपम रेल्वेत आहे. घरी असला तरी बाबांपुढे त्याचं इंजिन सुरूच होत नाही. "बाबा म्हणून राहिले तर चलो, पाहू काही दिवस," एवढं बोलून तो ड्युटीवर गेला. नव्या नोकरीत घरात भांडण नको म्हणून संपदानं बिचारीनं तिथंच पोरीचं नाव घातलं.

आणि मंडळात यांनी काय सांगितलं असेल? की नात नागपूरला आजोळी आहे, तिकडच्या आजीनं हट्टानं ठेवून घेतली.

जानेवारीची थंडी. संपदा अंधार असतानाच उठून पोरीला शालीत गुंडाळून छातीशी बांधायची आणि स्कूटीवर महाराजपूर गाठायची. तिथून उलटं फॅक्टरीकडे. दुपारचं पाजणं बंदच झालं. तरी गेटवर उशीर व्हायचा तो व्हायचाच, आणि साहेब एकदा बोलला की असंच चाललं तर पक्कं करणं माझ्या हातात नाही. हे तिनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. यांना सांगितलं तर म्हणाले, अर्धा तास आधी निघावं. स्वतः उन्हं अंगणात आल्याशिवाय अंथरूण सोडत नाहीत.

त्यातच एका रविवारी नीलकंठराव आले. ते मंडळाचे खजिनदार, भय्यासाहेबांचे दोस्तही आणि दुश्मनही. त्यांचा नातू वेदांग पुण्याला कुठल्याशा भारी शाळेत आहे, हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेले. ते संक्रांतीच्या कार्यक्रमाचं ठरवायला बसले होते आणि आतून मैत्रेयी रडली. भय्यासाहेब क्षणभर पांढरे पडले. मग हसून म्हणाले, "शेजारच्यांची आहे. आमच्याकडे ठेवून गेले, रडून राहिली कधीची."

संपदा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं ट्रे माझ्या हातात दिला, आत गेली आणि पोरीला पदराखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला अशी चीड आली की काय सांगू. सख्ख्या नातीला परकं केलं, आणि कशासाठी? तर खजिनदारापुढे नाक वर राहावं म्हणून. पाहुणे गेल्यावर मी यांना सोडलं नाही, पण यांच्यावर काय असर होणार? यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी दीदीचा घरी फोन आला. बच्ची को तेज बुखार है, मम्मी का फोन नहीं लग रहा. लागणार कसा, तो गेटवर डब्यात पडलेला. गेटजवळचं डे-केअर असतं तर गार्डकडून एव्हाना निरोप गेला असता. अनुपम कटनीला ड्युटीवर. म्हणजे जायचं कोणी? मी पट्टा आवळला आणि यांना म्हटलं, उठा. हे उठले, पण आधी मफलर शोधला. भर दुपारी नाकापर्यंत मफलर गुंडाळून हे ऑटोत बसले. माझं लेकरू तिकडे तापानं फणफणून राहिलं आणि यांना काहून तोंड लपवायची पडली होती, देव जाणे.

ऑटोतून उतरायला मला वेळ लागतो, म्हणून हे पुढे गेले. मी दारात पोचली तर आत हे उभे, आणि यांच्यासमोर माकडटोपी घातलेले नीलकंठराव. दोघंही एकमेकांकडे चोरासारखे पाहून राहिले होते.

"भय्यासाहेब, तुम्ही इकडे कसे?"

"शेजाऱ्यांच्या पोरीला घ्यायला आलो. आणि तुम्ही?"

"मीही शेजाऱ्यांच्याच कामानं आलो," नीलकंठराव म्हणाले. तेवढ्यात आतून त्यांचा पुण्याचा वेदांग 'आबा, आबा' करत धावत आला आणि त्यांच्या पायाला बिलगला. फाटकांवरच्या पाट्या त्यांनीही वाचल्या असणार.

दीदी मैत्रेयीला खांद्यावर घेऊन आली. कपाळावर ओली पट्टी, डोळे अर्धे मिटलेले. यांनी हात पुढे केले. दीदी मागे सरली. तिनं यांना कधी पाहिलंच नव्हतं, पोरीला सोडायला हे एक दिवस आले असतील तर शपथ.

"पड़ोसी को बच्ची नहीं देंगे, अंकल जी. घर के किसी को भेजिए."

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या संसारात असे प्रसंग आले की मीच पुढे होऊन बोलत आली आहे. या वेळी मी दारातल्या खुर्चीवर बसली आणि तोंड मिटून यांच्याकडे पाहत राहिली. पोर कण्हली, अजून क्षणभर गेला असता तर मीच बोलली असती. पण त्याआधी यांनी मफलर खाली ओढला आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "दादा हूँ. इसका सगा दादा."

दीदीनं तेव्हा कुठं दारातल्या मला पाहिलं. नाव घालायला संपदाबरोबर मी आली होती, म्हणून ती मला ओळखत होती. मी मान हलवली, तेव्हा तिनं पोर यांच्या हातात दिली. पोर कशी धरायची ते यांना ठाऊक नव्हतं, तिचं पेंगलेलं डोकं खांद्यावर कसं टेकवायचं ते मीच दाखवलं. ऑटोत मैत्रेयी यांच्या इस्त्रीच्या कुडत्यावर ओकली आणि यांनी आधी रुमालानं तिचं तोंड पुसलं.

डॉक्टर म्हणाले, ताप थंडीचा आहे, उतरेल. एवढ्याशा पोरीला रोज सकाळी एवढ्या लांब कोण नेतं, असंही त्यांनी विचारलं. मी यांच्याकडे बोट दाखवणार होती, पण हे आधीच खिडकीबाहेर पाहून राहिले होते.

शिफ्ट सुटल्यावर संपदानं गेटवर फोन सुरू केला आणि जशी होती तशी धावत आली. पोरीचा ताप उतरून ती झोपली होती. मी सगळं सांगितलं, यांच्यासमोरच, शेजाऱ्यांसकट. संपदानं पोरीच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग यांच्याकडे वळली.

"बाबा, बरी झाली की मैत्रेयी गेटजवळच्या डे-केअरला जाईल."

माणसाला एका दिवसात अक्कल येत नाही. हे म्हणाले, "अगं, पण तिथं आपले सगळे ओळखीचे. कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

संपदानं आवाज चढवला नाही. "सांगा, शेजारच्यांची आहे," ती म्हणाली आणि पोरीजवळ जाऊन आडवी झाली.

यांनी गळ्यातला मफलर काढला, त्याची घडी केली आणि ती घडी मांडीवर घेऊन बसून राहिले. दिवा लावायची वेळ झाली होती, मी उठून लावला.